साक्षीदाराची बोली आणि लेखनयंत्र

सांगून लिहवून घेणे न्यायालयाला नवे नाही. कर्जत-खालापूरसारख्या तालुक्याच्या न्यायालयात साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचे म्हणणे नीटस वाक्यांत सांगतात आणि लघुलेखक ते टंकलिखित करतो. आता बोललेले स्वतःच लिहिणारे यंत्र आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत युक्तिवादांचे असे शब्दांकन प्रथमच सुरू केले. केरळात उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून कनिष्ठ न्यायालयांतील साक्षीही याच पद्धतीने नोंदवण्याचा आदेश दिला.

यात वेळ वाचेल, हे मला मान्य आहे. मात्र आपल्या भागाचा विचार केला की एक शंका येते. आपल्याकडील ठाकूर किंवा कातकरी साक्षीदार ‘दळी’ म्हणतो, तेव्हा त्याला डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्यासाठी वनखात्याने दिलेली जमीन अभिप्रेत असते. यंत्राने तेथे ‘डाळी’ लिहिले तर त्याच्या हक्काचा पुरावाच नाहीसा होईल. शब्द कळला नाही तर लघुलेखक विचारतो. यंत्र मात्र जवळचा शब्द लिहून मोकळे होऊ शकते. एखादा ‘नाही’ गळला, तर साक्षच उलटते.

उपाय कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३१३ प्रमाणे सत्र व वॉरंट खटल्यांत पूर्ण झालेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते. यंत्र आल्यावर हे वाचन घाईने उरकून चालणार नाही. ते सावकाश, त्याला समजेल अशा भाषेत व्हावे. आपल्यापैकी जे पुढे वकिलीकडे वळतील, त्यांनी कलमांबरोबर वाडी-पाड्यांवरचे हे शब्दही शिकून घ्यावेत, असे मला वाटते.