सायंदेव : संसारात राहिलेला शिष्य

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात श्रीगुरुचरित्राचे पारायण करणाऱ्यांना सायंदेव दोनदा भेटतो. नेहमीच्या क्रमाने वाचले तर दुसऱ्या दिवशी १३व्या-१४व्या अध्यायात, आणि मग सहाव्या दिवशी ४१व्या अध्यायात. आपले मध्ये चार दिवस जातात. त्याची १५ वर्षे गेली. त्या वर्षांबद्दल ग्रंथ फारसे बोलत नाही, पण मला वाटते संसारी माणसाचा धडा तिथेच आहे.

१४वा अध्याय आपल्याकडे संकटनिवारणासाठी वाचतात. मी बँकेत कारकून होतो. बदलीची ऑर्डर आली, चौकशी लागली, साहेबांची मर्जी फिरली, की कुणाच्या तरी खणातून ती छोटी पोथी बाहेर निघायचीच. त्यात वावगे काही नाही. पण १४व्याच्या आधी १३वा आहे, तो सोडून चालत नाही.

सायंदेव कडगंचीचा, यवनाच्या पदरी नोकरीला. गोदाकाठी वासरब्रह्मेश्वरास श्रीनृसिंहसरस्वती आले होते. पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण जीव द्यायला नदीवर आला, त्याला श्रीगुरूंनी थांबवले. तेवढ्यात सायंदेव दर्शनाला आला. गुरू म्हणाले, याला तुझ्या घरी पोटभर जेवू घाल. सायंदेवाला भीती वाटली, जेवला आणि मेला तर दोष माझ्यावर! तरी गुरुवचनावर भरवसा ठेवून त्याने त्याला घरी नेले, श्रीगुरूंनाही आमंत्रण दिले. नवराबायकोने मनोभावे पूजा केली, सगळे जेवले, ब्राह्मणाची व्यथा गेली.

आणि त्या दिवशी सायंदेवाच्या स्वतःच्या डोक्यावर काय होते? यवनाने त्याला जिवे मारण्यासाठीच बोलावले होते! हे त्याने सांगितले ते सगळे उरकल्यावर, १४व्या अध्यायात. स्वतःचे मरण समोर असताना त्याने आधी परक्याच्या पोटाची काळजी घेतली. आपण मागणे आधी मांडतो, सेवा नंतर कबूल करतो.

श्रीगुरूंनी त्याला पळून जा म्हटले नाही. निर्भयपणे जा, तू परत येईपर्यंत आम्ही इथेच आहोत, असे सांगितले. तो गेला, गुरूंचे ध्यान करीत उभा राहिला, आणि मारणाराच पाया पडून वस्त्रे देऊ लागला.

परत आल्यावर सायंदेव म्हणाला, आता तुमचे पाय सोडत नाही, बरोबर येतो. इथे नकार मिळाला. श्रीगुरू म्हणाले, १५ वर्षांनी तुमच्या गावाजवळच आम्ही राहू, तेव्हा बायको, मुले, भाऊबंद यांच्यासह भेटा. म्हणजे गुरूंनी त्याला एकट्याला बोलावले नाही, अख्खे घर बोलावले.

सायंदेव घरी गेला. पुढे गाणगापुरी आला तेव्हा भक्ती तसूभर उणी झाली नव्हती. संगमावर वादळी रात्री अंगावरची वस्त्रे धरून त्याने गुरूंना आडोसा केला, आज्ञा होताच अंधारात विस्तव आणायला गेला. पुढे नोकरी पुरे झाली, कुटुंबाला घेऊन ये, हेही श्रीगुरूंनीच सांगितले. नोकरी कधी करायची नि कधी सोडायची, दोन्ही त्याने गुरूंवर सोपवले. त्याचे कानडी स्तोत्र ग्रंथात आहे.

थोरल्या नागनाथाला श्रीगुरूंचा आशीर्वाद मिळाला. नागनाथाचा देवराव, त्याचा गंगाधर, आणि गंगाधरांचे पुत्र सरस्वती गंगाधर, म्हणजे आपल्या श्रीगुरुचरित्राचे कर्ते! पहिल्या अध्यायात ही वंशावळ त्यांनी स्वतःच दिली आहे. सायंदेव त्या दिवशी घर सोडून निघाला असता, तर हे घराणे दत्तभक्तीत असे वाढले असते का? आमच्या खातेवहीत पानाच्या तळाची शिल्लक पुढच्या पानावर ओढायची असते. सायंदेवाने भक्तीची शिल्लक अशीच पुढे ओढायला दिली.

दत्तभक्तहो, घरच्या व्यापात सेवा होत नाही, ही खंत पुष्कळजण बोलून दाखवतात. यंदा दुसऱ्या दिवसाचे वाचन घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने करावे. मुलांनी दोन ओव्या ऐकल्या तरी पुष्कळ. आणि सप्ताहात एका तरी भुकेल्याला, आपले गाऱ्हाणे सांगण्याआधी, जेवू घालावे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥