माणिकचा ‘तुकड्या’ कसा झाला?

प्रश्न : आमच्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, मग गुरुदेव सेवा मंडळाची मंडळी भजनं म्हणतात. बहुतेक भजनांच्या शेवटी ‘तुकड्या’ किंवा ‘तुकड्यादास’ येतंच. एवढ्या मोठ्या माणसानं स्वतःला असं एकेरीत का म्हणवून घेतलं? आणि शब्द, चाल, गळा सगळं त्यांचंच, हे खरं का?
– एक वाचक, दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : आधी नावाचं सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे.

पाळण्यातलं नाव माणिक. माणिक बंडोजी इंगळे, जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. घरी गरिबी, वडील शिवणकाम करणारे. शाळा प्राथमिकच्या पलीकडे गेली नाही. वरखेडला गुरू आडकोजी महाराजांच्या पायाशी हा पोरगा भजन म्हणत बसायचा. सांगतात ते असं, की पोरगं ‘तुका म्हणे’ असे शेवट असलेले अभंग गात होतं, तेव्हा आडकोजी म्हणाले, दुसऱ्याचं किती दिवस म्हणशील, आता ‘तुकड्या म्हणे’ म्हण. दुसरी कथा अशी, की भजनं म्हणून मिळालेल्या भाकरतुकड्यावर दिवस काढले म्हणून तुकड्या. दोन्ही गोष्टी वऱ्हाडात जुन्या माणसांच्या तोंडी सापडतील. मला पहिली जास्त पटते, कारण तिच्यात एक गुरू शिष्याला चक्क स्वतःचं गाणं रचायला सांगतो आहे.

आता एकेरीबद्दल. आपल्याकडे गण्या, पक्या, बाळ्या अशी हाक कोण मारतं? आई, बाप, मालक, फार तर लंगोटीयार. ‘तुकड्या’ त्याच घरातला शब्द. त्याला पुन्हा ‘दास’ जोडला, म्हणजे स्वतःला दोनदा खाली बसवलं. लोकांनी मात्र त्याच नावाला ‘ओजी’ लावून तुकडोजी केलं, वर महाराज जोडलं. म्हणून भजनाच्या आत तुकड्या आणि भजनाच्या बाहेर तुकडोजी महाराज. तुमच्या मंडळातही कोणी ‘तुकड्या आले होते’ असं म्हणणार नाही, पण गाताना तोच शब्द खुशाल उच्चारतील.

या शेवटच्या नावाला नाममुद्रा म्हणतात. नामदेवांच्या घरची जनी ती घालायची, एकनाथ गुरूचं नाव जोडून घालायचे, गझलेत तिला तखल्लुस म्हणतात, वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ भेटतो. छापील पुस्तक हाती नसताना गाणं तोंडातोंडी फिरतं. कागदावरचं नाव गळून पडतं, यमकात बसवलेलं नाव पडत नाही. तुमच्याच जिल्ह्यातले भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यवतमाळला वकिली करत आणि आपली मराठी शायरी मैफलीत स्वतः उभं राहून पेश करत. त्यांचा एखादा शेर आज मोबाइलवर कुणाच्याही नावानं येतो. तुकड्याला ती भीती नाही.

चालीचं उत्तर ‘हो आणि नाही’. शब्द त्यांचे, मराठीत आणि हिंदीतही. चाल दरवेळी नवी असेलच असं नाही. त्यांच्या भजनांच्या पुस्तकात पुष्कळ ठिकाणी भजनावर कंसात तर्ज दिलेली असते, म्हणजे लोकांच्या कानात आधीच बसलेली चाल घ्या आणि हे शब्द म्हणा. यात कमीपणा काही नाही. गावातल्या पन्नास जणांना पहिल्याच रात्री धृपद उचलता यावं, तर ही युक्ती बिनतोड आहे.

आणि वाद्य? खंजिरी. लाकडाचं कडं, एका तोंडाला चामडं, कड्यातल्या खाचांत पितळी चकत्या. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची, की ताल आणि झणकार दोन्ही एकदम. पेटीवाला नको, तबलजी नको. पायी हिंडणाऱ्या गायकाला याहून सोयीचं काही नाही. गायक धृपद म्हणतो, समोरची मंडळी ते घोळवते, तेवढ्यात त्याला दम घेता येतो आणि माझ्या मते पुढची ओळही जुळवता येते. खंजिरीवर कीर्तन करणाऱ्या सत्यपाल महाराजांना एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवताना पाहिलं असेल तर हे वाद्य कुठवर जाऊ शकतं ते कळेल.

ही खंजिरी बरीच हिंडली. १९३६ साली गांधीजींकडे सेवाग्रामला महिनाभर मुक्काम झाला, तिथं भजनं झाली. १९४२ मध्ये ती इंग्रजांना बोचली. झाडंझुडपं आणि दगडधोंडे हीच आमची हत्यारं, अशा अर्थाचं त्यांचं हिंदी भजन चिमूर-आष्टीच्या भागात घुमत होतं. ऑगस्टमध्ये उठाव झाला, महाराजांना चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) पकडलं आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात मिळून सुमारे शंभर दिवस ठेवलं. भजनासाठी तुरुंग, हा मान फार थोड्या गायकांना मिळाला. पुढे १९५५ मध्ये ते जपानला जागतिक धर्म परिषदेला गेले. त्यांची ओवीबद्ध ‘ग्रामगीता’ त्याच काळातली. तिच्यात ओव्या आहेत साडेचार हजारांवर, पण मला विचाराल तर माणूस मुळात गाणारा, लिहिणारा नंतरचा.

११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंज मोझरीत ते गेले. आजही पुण्यतिथीला तिथं त्यांच्या निधनाच्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक मौन धरून उभे राहतात.

तुम्हाला एक विनंती. मंडळात सत्तरी ओलांडलेला कोणी भजनी असेल, तर कंसातली तर्ज त्याच्याकडून प्रत्यक्ष म्हणवून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. शब्द पुस्तकात मिळतात, तर्जेचं मात्र पुस्तकात नुसतं नाव असतं.