राणी पाकोळीचे जीवनचक्र

सह्याद्रीच्या दमट अरण्यात पावसाळ्याच्या अखेरीस एक मोठे काळे फुलपाखरू झाडांच्या सावलीतून जाताना दिसते. त्याच्या मागील पंखांवर फिकट निळ्या रंगाचा रुंद पट्टा असून त्यात काळे ठिपके असतात. हीच राणी पाकोळी किंवा ब्ल्यू मॉरमॉन होय. तिच्या पसरलेल्या पंखांची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर भरते. भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका हे तिचे निवासक्षेत्र. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला.

अंडी घालण्यापूर्वी मादी पानावर क्षणभर टेकते आणि पायांवरील संवेदनाग्रांनी त्याची चव घेते. माकडलिंबू, लिंबू यांसारख्या एकाच कुळातील वनस्पतींची पाने तिला चालतात, कारण तिच्या अळ्या अन्य पानांवर जगू शकत नाहीत. अंडी ती एकेकटी घालते.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी अखंड खात राहते. तिची त्वचा शरीराबरोबर वाढत नसल्याने ती चार वेळा कात टाकते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पुढे ती हिरवी होते आणि तिच्या पाठीवर डोळ्यांचा भास करणारे ठिपके उमटतात. तिला डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेला, उग्र वासाचा अवयव बाहेर येतो.

पूर्ण वाढ झाल्यावर अळी रेशमी धाग्याने स्वतःला फांदीशी बांधून घेते व कोशावस्थेत जाते. या अवस्थेत अळीच्या बहुतेक ऊती विघटित होतात आणि तिच्या शरीरात आधीपासून असलेल्या पेशीपुंजांतून पंख, पाय व सोंड आकार घेतात. बाहेर पडलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले असतात. त्यांतील शिरांत द्रव भरला जाऊन ते उलगडतात.

प्रौढ फुलपाखरू अनेक प्रकारच्या फुलांतील मध घेते. म्हणून ते शहरांतील बागांतही येते. तथापि तेवढ्यावरून त्याचे वंशसातत्य सुरक्षित आहे असे मानणे चुकीचे ठरेल. फुले कितीही लावली, तरी रानातील माकडलिंबाची झुडपे तोडली गेली किंवा परसातील लिंबावर कीटकनाशक फवारले गेले, तर मादीला अंडी घालण्यास जागा उरत नाही. दिल्लीच्या बागांतून नेहमी आढळणारे लिंबाचे फुलपाखरू याच कुळातील असल्याने त्यालाही हाच नियम लागू पडतो. कुरतडलेली चार पाने सहन करणे, हीच फुलपाखराच्या रक्षणाची पहिली पायरी होय.