हृदयाचं ऑपरेशन झालं, आता बोलण्याकडेही बघा

माझ्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा शेळगावात भेटायला येणारं प्रत्येक माणूस दोनच गोष्टी विचारायचं: वजन वाढलं का, आणि ओठ अजून निळे पडतात का? तपासणीला जायचो तिथेही इको, ऑक्सिजन आणि वजन बघण्यातच वेळ सरायचा. दीड वर्षाची होऊनही ती एक शब्द बोलत नव्हती. ‘मोठ्या ऑपरेशनची पोर आहे, दम धरा,’ असं सगळे म्हणायचे.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, त्यातल्या डॉक्टरबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. मागून हाक मारली तर वळते का? हवं ते बोटाने दाखवते का? ‘चेंडू आण’ म्हटलेलं कळतं का? त्यांनीच आम्हाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली.

दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयदोष घेऊन जन्मतात. सगळ्यांचंच बोलणं मागे पडत नाही. पण दोष गुंतागुंतीचा असेल, तान्हेपणीच ऑपरेशन झालं असेल, तर धोका वाढतो. पोटात असल्यापासून मेंदूला ऑक्सिजन कमी पोचलेला असू शकतो. त्यात आयसीयूतला मुक्काम, नळीने दूध. आईच्या तोंडाकडे बघत हुंकार द्यायचे दिवस तिथेच जातात. अशा मुलांच्या विकासाची वेळोवेळी तपासणी व्हावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगून ठेवलं आहे.

आधी कान तपासून घ्या. अमिकासिनसारखी अँटिबायोटिक्स किंवा फ्युरोसेमाइड कधीकधी कानाला बाधतं. पण म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. ऐकू येतं का हे बघणाऱ्या बेरा चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारायचं. जन्मल्यावर कान तपासले होते, यावर थांबू नका. ऑपरेशननंतर आवाज घोगरा झाला, दूध पिताना ठसका लागू लागला, तर स्वरयंत्राची नस दुखावलेली असू शकते. शब्द नाकातून येत असतील तर टाळू दाखवा. काही हृदयदोषांबरोबर टाळूचा दोष आणि त्यामागे जनुकीय कारणही असतं.

आमच्या घरातली खरी अडचण त्या केंद्रातल्या स्पीच थेरपिस्टने ओळखली. पोरगी रडली की छातीवर ताण येईल, या भीतीने ती मागायच्या आत सगळं हजर व्हायचं. तिने माठाकडे नुसतं बघितलं तरी आजी पेला भरायच्या. आता रडू दिलं तर चालेल का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. मग थेरपिस्टने शिकवलं तसं पेला हातात धरून, तिच्या डोळ्यांत बघून ‘पाणी?’ म्हणायचं आणि मनात पाच मोजेपर्यंत गप्प राहायचं. सासूबाईंना ते जड गेलं. एका दुपारी ‘पा’ निघाला, तेव्हा पेला त्यांनीच पुढे केला. मोबाइलवरची गाणी बंद करून आम्ही चूल, गोठा, उसाची गाडी, जे दिसेल त्यावर बोलत राहिलो. पुढच्या आषाढात बेलवाडीला पालखीच्या रिंगणात ती ‘घोला आला’ म्हणाली. दोन शब्द जोडून.

मूल वर्षाचं झालं तरी बोटाने दाखवत नसेल, ‘टाटा’ करत नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नका. आलेला शब्द किंवा हुंकार गेला, तर त्याच आठवड्यात दाखवा. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तोवर थांबायची गरज नाही, आशाताईंना विचारून चिठ्ठी मिळवा.

आणि इकोच्या फाइलला एक वहीचं पान जोडा. मूल बोलेल तो शब्द तारखेसह त्यावर लिहा. पुढच्या तपासणीला ते पान डॉक्टरांसमोर ठेवा आणि बोलण्याचं काय, हे आपणहून विचारा.