टायरवरील एक अक्षर
घरच्या मोटारीच्या टायरवर ‘८८ एच’ अशी खूण आढळते. ८८ हा भारांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. ‘एच’ हें वेगाचें अक्षर. ‘टी’ची कमाल मर्यादा ताशीं १९० किलोमीटर, ‘एच’ची २१०. तीन टायर ‘एच’ व चौथा ‘टी’ असल्यास साऱ्या गाडीची मर्यादा १९०च ठरते.

“इतक्या वेगानें जातो कोण?” असें आपण म्हणाल. परंतु अक्षर बदललें कीं टायरची घडणहि बहुधा बदलते. मग अकस्मात् ब्रेक दाबतां डावें-उजवें चाक सारखें वागेलच असें नाहीं. म्हणून एका आंसावरील जोडी एकसारखीच असावी. दोन जोड्या भिन्न ठेवणें भागच पडलें, तर कमी वेगाची जोडी पुढें बसवावी. कारण मागची पकड सुटल्यास गाडी गरकन् फिरते. टायरांत वाचविलेले चार पैसे आंत बसलेल्या माणसांहून मोलाचे नव्हेत.