कुंडली काढायला निघालेल्या भाच्यास

ये, बस. समोरच्या उमेदवाराची कुंडली काढायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. तहसीलच्या निवडणूक शाखेत तुझ्या आत्याचा निम्मा जन्म गेलाय, तेव्हा चहा होईतो चार गोष्टी कानावर घालते. तो मोबाईल आधी पालथा ठेव. त्यात आलेलं सगळं कुणीतरी कुणासाठी तरी पाठवलेलं असतं.

माणसाला त्याच्या वैऱ्याच्या शब्दानं तोलू नकोस, त्याच्याच शब्दानं तोल. अर्जासोबत तो नमुना २६ चं शपथपत्र देतो. पानापानावर त्याची सही असते. मी नोकरीला लागले तेव्हा हा कागदच नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २००२ ला सांगितलं की उमेदवाराचे खटले, मालमत्ता, देणी, शिक्षण हे मतदाराला कळलंच पाहिजे. त्यावर संसदेनं कायदाच असा फिरवला की निम्मी माहिती झाकलेली राहावी. १३ मार्च २००३ ला न्यायालयानं तो बदल रद्द केला, तेव्हा कुठे हे पान आपल्या हाती आलं. पहिल्या वर्षी आमच्या फलकासमोर लोक जत्रेसारखे उभे होते, कुणाच्या बायकोकडे किती तोळे सोनं आहे ते वाचायला! आता आयोगाच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतं, तर कुणी उघडत नाही.

तर आजचं शपथपत्र आणि मागच्या निवडणुकीचं, दोन्ही शेजारी शेजारी मांड. पाच वर्षांत वय पाचानंच वाढलंय का बघ. हसू नकोस, तीननंच वाढलेलं मी पाहिलंय. मागे बारावी असलेला गडी आता पदवीधर झाला असेल तर पदवीचं वर्ष बघ. ते मागच्या शपथपत्राच्याही आधीचं निघालं, तर तेव्हा का लिहिलं नव्हतं, हा प्रश्न. मागचा एखादा गट नंबर यंदा गायब असेल तर जमीन विकली की पोराच्या नावावर केली, हाही प्रश्न. लक्षात ठेव, हे सगळे प्रश्न आहेत, पुरावे नाहीत.

प्रश्नाचा पुरावा करायचा तर तलाठ्याच्या दप्तरात जा. शपथपत्रात शेतजमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, घेतली असेल तर तारीख आणि किंमत, सगळं लिहावं लागतं. तो नंबर घे आणि सातबारा काढ. लोक सातबारावर फक्त नाव बघतात. तू ‘इतर हक्क’ बघ. सोसायटीचा, बँकेचा बोजा तिथे असतो. बोजा तिथे आहे आणि शपथपत्रात देण्यांच्या रकान्यात ‘निरंक’ आहे, मग बोलायला जागा आहे. तरी घाई करू नकोस. कर्ज फिटूनही बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो, आपल्याकडे ते नेहमीचंच. फेरफार क्रमांक टिपून घे, फेरफाराची नक्कल काढ, मग कळतं जमीन कशी आणि कधी आली. आणि ८-अ गावागावाचा वेगळा असतो, एका गावचा बघून ‘एवढीच जमीन’ म्हणू नकोस. व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती व समाजसेवा’ दिसलं की मात्र मागच्या पाच आयकर विवरणपत्रांतले उत्पन्नाचे आकडे नीट वाच, २०१९ पासून ते द्यावे लागतात. समाजसेवेतून एवढं पिकतं हे मला उभ्या नोकरीत उमगलं नाही.

खटल्यांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त चिखल तिथेच उडतो. ‘अकरा गुन्हे!’ असं ओरडायच्या आधी कलमं वाच. जुन्या दंड संहितेची १४३, ३४१, १८८, सोबत पोलीस अधिनियमाचं ३७ आणि १३५, म्हणजे बहुतेक रास्ता रोको नाही तर मनाई आदेश मोडून काढलेला मोर्चा. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसलेला माणूस आणि विश्वासघात-फसवणुकीच्या ४०६, ४२० वाला पतसंस्थेचा संचालक एका मापानं मोजायचे नाहीत. १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असेल तर आकडे नव्या संहितेचे असतील. चारसोबीस आता ३१८ झालंय, जिभेवरून मात्र हललेलं नाही. गुन्हा दाखल, दोषारोप ठेवले आणि शिक्षा झाली, या तीन वेगळ्या पायऱ्या. पत्रकात ‘गुन्हेगार’ लिहायचं ते तिसऱ्या पायरीवर.

आणि बापाचं नाव बघ. एका छाननीला एक वकीलसाहेब जाडजूड गठ्ठा घेऊन आले. उमेदवारावर फसवणुकीचा गुन्हा आहे आणि तो लपवलाय म्हणे. बाहेर घोषणा सुरू, आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना घाम. मी प्रथम खबरीची प्रत हातात घेतली. नाव तेच, आडनाव तेच, मधलं नाव वेगळं. शेजारच्या गावचा भलताच माणूस. वकीलसाहेब गठ्ठा गुंडाळून गेले. गंमत अशी की त्याच उमेदवारानं सरकारी देण्यांचा रकाना कोराच सोडला होता, आणि त्या गोंगाटात तो कुणाला दिसलाच नाही. कोऱ्या रकान्याला आता सूट नाही. २०१३ च्या निकालापासून तो भरायला सांगूनही भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. लिहिलेलं खोटं असलं म्हणून मात्र छाननीत अर्ज उडत नाही, हे तुझ्या वॉर रूमवाल्यांना सांग. तिथे तू फार तर उलट शपथपत्र दे, तेही फलकावर आणि संकेतस्थळावर लागतं. पण त्याखाली तुझी सही असेल. सही करायला हात कापत असेल तर तो मजकूर भाषणातही नको.

खरी लढाई निकालानंतर. ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. अंबरनाथची २००४ ची निवडणूक आठव. किसन कथोरे निवडून आले, याचिका झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द आला २०१४ च्या मे महिन्यात. ती मुदत संपूनही साडेचार वर्षं झाली होती. त्यात वीज मंडळाच्या थकबाकीचाही मुद्दा होता, पण निवडणूक गेली ती पत्नीच्या नावचा बंगला आणि भागीदारीतला हिस्सा न सांगितल्यामुळे. पुढे अरुणाचलच्या एका प्रकरणात, एप्रिल २०२४ मध्ये, त्याच न्यायालयानं सांगितलं की उमेदवारानं घरातली प्रत्येक चीजवस्तू लिहायची गरज नाही. म्हणजे विसरलेली स्कूटर आणि झाकलेला बंगला यांतला फरक तुला कळला पाहिजे. स्कूटरवर सभा गाजवलीस की बंगल्याच्या वेळी कुणी ऐकत नाही.

शिक्षणाचं फार ताणू नकोस. आमदारकी-खासदारकीला शिक्षणाची अटच नाही. मुख्यमंत्री झालेल्या वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण बेताचंच होतं. प्रश्न फक्त खोटं लिहिण्याचा. मणिपूरच्या एका आमदारानं म्हैसूर विद्यापीठाची एमबीए लिहिली, ती नव्हतीच. लिहिताना चूक झाली म्हणाला, २०१६ मध्ये आमदारकी गेली.

जातीच्या दाखल्यावर मात्र दहादा विचार करून बोल. २०२४ च्या रामटेकला रश्मी बर्वेंचं जात वैधता प्रमाणपत्र नेमकं छाननीच्या दिवशी, २८ मार्चला, रद्द झालं आणि अर्ज बाद झाला. नवऱ्याचा पर्यायी अर्ज भरलेला होता, तो लढला आणि निवडून आला. सप्टेंबरात उच्च न्यायालयानं रद्द करण्याचा तो आदेशच मोडीत काढला. त्याच वर्षी अमरावतीला उलटं. नवनीत राणांचा दाखला उच्च न्यायालयानं २०२१ ला रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयानं ४ एप्रिल २०२४ ला तो वैध ठरवला, आणि जूनमध्ये त्या निवडणूक हरल्या. आता सांग, या तीन वर्षांत जे लोक छातीठोकपणे ‘बोगस’ किंवा ‘अस्सल’ म्हणत फिरले, त्यांना काय माहीत होतं? तू फक्त एवढंच लिही: अमुक समितीनं अमुक तारखेला असं म्हटलं, प्रकरण अमुक ठिकाणी प्रलंबित आहे.

छापायचं असेल तर मुद्रक आणि प्रकाशक, दोघांची नावं-पत्ते पत्रकावर हवेत, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क. नसतील तर सहा महिन्यांची कैद होऊ शकते. समोरच्याच्या चारित्र्यावर तुला स्वतःलाच खरं न वाटणारं काही पसरवलंस, तर त्याच कायद्याच्या कलम १२३(४) खाली आपल्या उमेदवाराची, दादांची, जिंकलेली जागाही जाऊ शकते. कत्तलीच्या रात्री, प्रचार थांबल्यावर, जे कागद दाराखालून सरकवले जातात ना, त्यांवर ही नावं कधी नसतात. तसला गठ्ठा कुणी तुझ्या गाडीत ठेवायला आला तर गाडीची किल्ली हरवलीय म्हण.

बायका-पोरं, आजारपण, कुणाची सून कुठली, याला हात लावायचा नाही. हे कायद्यात नाही, आत्या सांगते म्हणून.

घे चहा. आणि उद्या येताना समोरच्याचं नको, आपल्या दादांची दोन्ही शपथपत्रं घेऊन ये, मागचं आणि यंदाचं. समोरही कुणाचा तरी भाचा बसलेला असेल. देण्यांचं पान आधी काढू.