ताट उचलण्याआधी

सिल्वासा

चि. बाळे,


पत्र मिळालं. पिपरियाच्या त्या साडेतीन वर्षांच्या पोरानं अंगणवाडीत ताट भिरकावलं, तू ओरडलीस आणि घरी येऊन रडलीस. रडलीस ते बरं झालं. पण त्याला हट्टी म्हणू नकोस.

एकदा त्याचं घर बघून ये. एकच खोली, बाप रात्रपाळी करून दिवसा झोपलेला. पोरानं भोकाड पसरलं की आई तोंडावर हात ठेवते, नाहीतर मोबाइल देते. तिला तरी काय बोलायचं? नवऱ्याची झोपमोड झाली आणि मशीनवर डुलकी लागली तर हात जायचा. पण रडू दाबणं वेगळं आणि शांत होणं वेगळं. राग आवरणारा मेंदूचा भाग या वयात अगदी कोवळा असतो, पार पंचविशीपर्यंत घडत राहतो. तोवर मूल शांतपणा मोठ्यांकडूनच उसना घेतं.

म्हणून ताट उचलण्याआधी त्याच्याशेजारी खाली बस. आधी तुझा श्वास जागेवर येऊ दे. मग म्हण, "राग आला ना?" तेही त्याच्या घरच्या बोलीत. एका वारली मुलीला मी कितीतरी महिने मराठीत समजावत होते. तिच्या आजीकडून भीतीला त्यांच्याकडे काय म्हणतात ते शिकले, तेव्हा कुठे ती माझ्या मांडीवर आली. सांडलेला भात मग दोघं मिळून गोळा करा. राग आला तर येऊ दे, ताट फेकायचं नाही, एवढं त्याला कळलं पाहिजे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपण त्याच वाटेनं चाललोय, मुलाच्या घरापर्यंत जायला लाजू नकोस.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ऐक. न्यूझीलंडमधल्या डुनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांची वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंतची पाहणी २०११ साली छापून आली. लहानपणी ज्यांना स्वतःला आवरणं जड गेलं, त्यांच्यात पुढे आजारपण, व्यसनं, पैशांची ओढाताण जास्त दिसली. पण वाढत्या वयात ज्यांना ते जमू लागलं, त्यांचं पुष्कळ सुधारलंही. मला या दुसऱ्या गोष्टीनं धीर येतो.

त्याच्या आईला सांग, बाप दिवसा झोपला की पोराला मोकळ्यावर ने, हवं तेवढं ओरडू दे. आणि उद्या वाढण्याआधी भात चाखून बघ, तिखट तर नाही ना.

तुझी,
मावशी